तुर्किक देश एकत्र येतायत, म्हणजे नेमकं काय होतंय?

२०२५ च्या मे महिन्यात पुण्यातल्या फळ व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचं सफरचंद घ्यायचं बंद केलं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने बोलला होता, त्याचा तो राग होता. अझरबैजाननेही पाकिस्तानचीच री ओढली, म्हणून इस्तंबूलसोबत बाकूच्या सहलीही रद्द झाल्या. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर एक नकाशा फिरत होता. इस्तंबूलपासून थेट चीनच्या हद्दीपर्यंत एकाच रंगाचा पट्टा, आणि खाली लिहिलेलं, 'हे सगळे एक आहेत, सावध राहा.'

महिनाभरातच, ६ जूनला, त्याच पट्ट्यातले चार देश दिल्लीत होते. कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान. सोबत पाचवा ताजिकिस्तान. या पाचही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी भारतासोबत निवेदन काढलं आणि पहलगामच्या हल्ल्याचा कडक शब्दांत निषेध केला.

म्हणजे भाषेच्या नात्याने एकाच घरातले हे देश. दोघं पाकिस्तानसोबत, चौघं आपल्यासोबत एका कागदावर. ग्रुपवरच्या नकाशात हे कुठेच बसत नव्हतं. तेव्हापासून मी या विषयामागे लागले आणि जे समजलं ते इथे सोपं करून मांडते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: या देशांची एकी खरी आहे, पण ती फौजेची एकी नाही. मोठ्या शेजाऱ्यांशी घासाघीस करताना हाताशी आणखी एक दार असावं, यासाठी ती आहे. ती अशा नजरेतून पाहिली की एरवी विसंगत वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टींची संगती लागते.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. आपण 'तुर्की' म्हणतो तेव्हा बहुधा तुर्कस्तान या देशाबद्दल बोलत असतो. 'तुर्किक' हे मोठ्या भाषाकुळाचं नाव आहे. त्यात तुर्कस्तानची तुर्की आली, तशीच अझेरी, कझाक, किरगिझ, उझबेक, तुर्कमेनही आली. नातं किती जवळचं आहे ते आकड्यांत लगेच कळतं. इस्तंबूलच्या दुकानात एक ते पाच मोजतात ते असं: बिर, इकि, उच, द्योर्त, बेश. ताश्कंदच्या बाजारात: बिर, इक्कि, उच, तोर्त, बेश. कझाकस्तानातल्या अल्माटीत: बिर, एकि, उश, तोर्त, बेस. आपलं एक-दोन-तीन आणि गुजराती एक-बे-त्रण यांचं नातं जसं, तसंच.

म्हणून सगळ्यांना सगळ्यांचं बोलणं समजतं असं मात्र नाही. बाकूच्या माणसाला इस्तंबूलची मालिका सहज कळते, मराठी माणसाला कोकणी कळावी तशी. कझाक माणसाला तीच मालिका आपल्याला बंगाली जेवढी कळते तेवढीच कळणार. शिवाय कझाकस्तान आणि किरगिझस्तानात रशियन भाषेला आजही अधिकृत स्थान आहे.

धर्माने हे सगळे एक आहेत असंही समजू नका. अझरबैजानमध्ये शियांचं बहुमत, मध्य आशियात सुन्नी, आणि रशियातले चुवाश, मोल्दोव्हातले गागाउझ हे तुर्किक भाषा बोलणारे लोक ख्रिस्ती आहेत. स्वतःचा देश नसलेले तुर्किक समाज तर कितीतरी: रशियातले तातार, बश्कीर, साखा, क्रिमियातले तातार, चीनच्या शिनजियांगमधले उइघुर. अझरबैजानची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास आहे, पण इराणमध्ये राहणारे अझेरी त्याहून जास्त आहेत. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, तेहरानची अस्वस्थता त्यातूनच येते.

आपला या लोकांशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. 'तोफ' हा शब्द मूळ तुर्की. 'कैची' तिकडचीच. 'उर्दू' म्हणजे त्यांच्या भाषेत लष्कर, छावणी. विजापूरच्या बुरुजावर ठेवलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली आणि ती ओतणारा कारागीर 'रूमी' म्हणवला जायचा, म्हणजे ऑटोमन मुलखातला. बाबर आजच्या उझबेकिस्तानातल्या आंदिजानचा. आपलं आत्मचरित्र त्याने चगताई तुर्कीत, म्हणजे मध्य आशियातल्या तेव्हाच्या तुर्किक भाषेतच लिहिलं. अर्थात आजच्या राजकारणाची कोडी या जुन्या धाग्यांनी सुटत नाहीत.

आजचं राजकारण सुरू होतं १९९१ पासून. सोव्हिएत संघ फुटला आणि पाच तुर्किक देश एका झटक्यात स्वतंत्र झाले. तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारात केवढा उत्साह संचारला! 'एड्रियाटिकपासून चीनच्या भिंतीपर्यंत' आपलंच जग आहे, अशी भाषा सुरू झाली. ३० ऑक्टोबर १९९२ ला राष्ट्राध्यक्ष तुर्गुत ओझाल यांनी अंकारात पहिली शिखर परिषद भरवली. पण मध्य आशियातले नेते सावध राहिले. सत्तर वर्षं रशियाला 'थोरला भाऊ' म्हणण्यात गेली होती. त्यातून सुटल्याबरोबर दुसरा थोरला भाऊ त्यांना नको होता. तुर्कस्तानकडे तेव्हा पैसाही बेताचाच होता. पुढच्या एप्रिलमध्ये, मध्य आशियाचा दौरा आटोपून परतल्यावर काही दिवसांतच ओझाल वारले आणि तो पहिला भर ओसरला.

दुसऱ्यांदा गाडी रुळावर आली ती कझाकस्तानच्या पुढाकाराने, आणि हे महत्त्वाचं आहे. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नूरसुल्तान नझरबायेव यांनी कल्पना मांडली, आणि ३ ऑक्टोबर २००९ ला नाखचिवानमध्ये, म्हणजे मुख्य भूभागापासून तुटलेल्या अझरबैजानच्या तुकड्यात, तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान, किरगिझस्तान या चौघांनी करार केला. उझबेकिस्तान २०१९ मध्ये आला. १२ नोव्हेंबर २०२१ ला इस्तंबूलमध्ये नाव बदलून 'तुर्किक राष्ट्र संघटना' झालं. तुर्कमेनिस्तान निरीक्षक म्हणून बसतो, कारण १९९५ पासून तो संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला कायमचा तटस्थ देश आहे. हंगेरीही निरीक्षक आहे, जरी हंगेरियन ही तुर्किक भाषा नाही. पूर्वेकडून आलेल्या घोडेस्वार पूर्वजांचा अभिमान आणि अझरबैजानच्या गॅसची गरज या दोन्ही गोष्टी बुडापेस्टला तिथे घेऊन गेल्या. संघटनेचं सचिवालय इस्तंबूलला, संसदीय सभा बाकूला, अकादमी कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानाला. सप्टेंबर २०२४ मध्ये बाकूत ३४ अक्षरांच्या सामाईक लॅटिन वर्णमालेवर तज्ज्ञांचं एकमतही झालं.

पाच पूर्ण सदस्यांची लोकसंख्या मिळून १६ कोटींच्या आसपास भरते. महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र केले तर माणसं त्याहून जास्त होतील. त्यातलीही निम्मी एकट्या तुर्कस्तानात. आणि तुर्कस्तानची हद्द मध्य आशियाला कुठेच लागत नाही. अझरबैजानलासुद्धा ती भिडते ती फक्त नाखचिवानच्या छोट्या तुकड्यापाशी, काही किलोमीटरपुरती.

आता प्रश्न ताकदीचा.

संघटनेचं नाव बदलून दोन महिने होत नाहीत तोच, जानेवारी २०२२ मध्ये, कझाकस्तान पेटला. गॅसच्या दरवाढीवरून सुरू झालेली निदर्शनं अल्माटीत दंगलीपर्यंत गेली. सरकारी हिशेबानेच २३८ माणसं मेली. राष्ट्राध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव यांनी मदत मागितली ती रशियाच्या नेतृत्वाखालच्या सामूहिक सुरक्षा संघटनेकडे. रशियाची विमानं उतरली, सैनिक आले आणि दोन आठवड्यांच्या आत परतही गेले. इस्तंबूलच्या संघटनेने निवेदन काढलं. निवेदनापलीकडे करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच: ना फौज, ना तसा करार. संकटात दार कुणाचं ठोठावलं जातं यावरून नात्याचा खरा हिशेब कळतो, आणि त्या आठवड्यात तो स्पष्ट दिसला.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. पाच महिन्यांनी, जून २०२२ मध्ये, तेच तोकायेव सेंट पीटर्सबर्गच्या व्यासपीठावर पुतिन यांच्या शेजारी बसले होते. युक्रेनवर हल्ला होऊन चार महिने झालेले. त्यांना विचारलं गेलं, रशियाने 'स्वतंत्र' ठरवलेल्या युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कचं काय? त्यांनी शांतपणे सांगितलं की ही 'अर्ध-राज्यं' आहेत आणि कझाकस्तान त्यांना मान्यता देणार नाही. ज्याच्या सैनिकांनी सत्ता सावरायला हात दिला त्याच्याच घरात, त्याच्या तोंडावर. मला हा प्रसंग या सगळ्या गोष्टीतला सर्वांत धीट क्षण वाटतो.

त्याची किंमत लगेच दिसली. कझाकस्तानचं ८० टक्क्यांहून जास्त निर्यातीचं तेल कॅस्पियनच्या काठावरून दीड हजार किलोमीटरच्या पाइपलाइनने रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदरात जातं. तीन आठवड्यांच्या आत एका रशियन कोर्टाने तेलगळतीच्या कागदपत्रांतल्या त्रुटींवरून ही पाइपलाइन ३० दिवस बंद ठेवायचा हुकूम दिला. अपिलात तो बदलून फक्त दोन लाख रूबलचा दंड झाला. दोन गोष्टींचा संबंध कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण नळाची तोटी कुणाच्या हातात आहे हे अस्तानात सगळ्यांना नव्याने कळलं असणार. ७,६०० किलोमीटरची सीमा, एकच मोठी पाइपलाइन, उत्तरेकडच्या जिल्ह्यांत मोठी रशियन वस्ती. अशा शेजाऱ्याशी भांडण काढून राहता येत नाही आणि पूर्ण त्याचं होऊनही राहता येत नाही. किरगिझस्तानची अडचण वेगळ्या प्रकारची: तिथली लाखो माणसं रशियात मजुरी करतात आणि त्यांनी पाठवलेल्या पैशावर गावंच्या गावं चालतात. हे दोन्ही देश रशियाच्या आर्थिक संघातही आहेत आणि सुरक्षा संघटनेतही. तुर्किक संघटनेत बसताना त्यांनी तिथून अंग काढून घेतलेलं नाही.

मग रशियाला तोल म्हणून कोण? पहिलं उत्तर तुर्कस्तान नसून चीन आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये शी जिनपिंग अस्तानात उतरले आणि कझाकस्तानच्या सार्वभौमत्वाला व भौगोलिक अखंडतेला चीनचा ठाम पाठिंबा आहे, असं म्हणाले. ऐकणारे कान मॉस्कोत होते. तुर्कमेनिस्तानचा गॅस २००९ पासून उझबेकिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून चीनला जातो. चीन-किरगिझस्तान-उझबेकिस्तान रेल्वेचं काम डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. पंचवीसेक वर्षं ती नुसती कागदावर होती.

या पाठिंब्याची किंमत उइघुरांनी मोजली, आणि इथे मला तटस्थपणे लिहिणं जड जातं. शिनजियांगमध्ये एक कोटीहून जास्त उइघुर राहतात. भाषेने ते उझबेकांचे अगदी सख्खे. तिथल्या छावण्या, पाळत, कुटुंबांची ताटातूट यांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये अहवाल दिला. त्या अहवालावर मानवी हक्क परिषदेत नुसती चर्चा तरी व्हावी का, यावर ६ ऑक्टोबरला मतदान झालं. १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. विरोधातल्या १९ मध्ये कझाकस्तान आणि उझबेकिस्तान होते. त्या दोघांनी मत फिरवलं असतं तर ठराव मंजूर झाला असता. भारत तटस्थांत होता, हेही इथे लिहायला हवं. कझाकस्तानातल्या कितीतरी कुटुंबांचे नातेवाईक त्या छावण्यांत होते. भाऊबंदांबद्दलच्या भाषणांचं वजन किती, हे मला या एका मतदानातून कळलं.

याउलट एकीचा खरा विजय म्हणून जो सांगितला जातो तो काराबाखचा, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या पण आर्मेनियन लोकांच्या हाती असलेल्या मुलखाचा. २७ सप्टेंबर २०२० ला सुरू झालेलं युद्ध ४४ दिवस चाललं. तुर्कस्तानचे बायरक्तार ड्रोन आणि तुर्कस्तानचं प्रशिक्षण यांच्या जोरावर अझरबैजानने आर्मेनियाच्या ताब्यातला मोठा प्रदेश परत घेतला. (इस्रायलची शस्त्रंही त्यात होती, हे विसरलं जातं.) जून २०२१ मध्ये शुशा शहरात दोन्ही देशांनी एकमेकांच्या संरक्षणासाठी उभं राहण्याचा करार केला. या सगळ्या पट्ट्यात खरोखर लष्करी म्हणावी अशी आघाडी एवढी एकच, आणि तीही दोघांची. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने एका दिवसाच्या हल्ल्यात काराबाखचा उरलेला भाग घेतला आणि एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं घरंदारं सोडून लाचिनच्या रस्त्याने निघून गेली. १९९० च्या दशकात याच मुलखातून लाखो अझरबैजानी असेच हाकलले गेले होते. कुठल्याही एका बाजूचा विजय साजरा करावा असं या इतिहासात मला काही सापडत नाही.

या लढाईत आपलाही एक दुवा आहे. २०२० च्या पराभवानंतर आर्मेनियाने भारताकडून पिनाका रॉकेट यंत्रणा घेतली. पिनाका घडला तो पुण्यात, पाषाणच्या प्रयोगशाळेत. अझरबैजान पाकिस्तानकडे इतका का झुकतो याची कारणं शोधताना ही बाजूही धरावी लागते: पाकिस्तानने काराबाखच्या प्रश्नामुळे आर्मेनियाला अनेक वर्षं मान्यताच दिली नव्हती. बाकूची पाकिस्तानशी मैत्री तिथे रुजली.

काराबाखनंतर रशियाचं वजन घटलं. २५ डिसेंबर २०२४ ला अझरबैजानचं प्रवासी विमान रशियातल्या ग्रोझ्नीकडे जाताना रशियन हवाई संरक्षणाच्या माऱ्यात सापडलं आणि कॅस्पियन ओलांडून कझाकस्तानच्या अक्ताउजवळ कोसळलं. ६७ पैकी ३८ जण गेले. पुतिन यांनी तीन दिवसांत माफी मागितली, पण बाकूचा आग्रह होता तशी जबाबदारी मान्य करायला मॉस्कोला महिने लागले. तेवढ्यात ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अझरबैजानचे अलियेव आणि आर्मेनियाचे पाशिनियान ट्रम्प यांच्यासमोर बसले. ठरलं असं की आर्मेनियाच्या दक्षिण टोकातून, इराणच्या हद्दीला लागून, सुमारे ४३ किलोमीटरचा मार्ग काढायचा, अमेरिकेच्या सहभागाने. तो झाला तर अझरबैजानचा मुख्य भूभाग नाखचिवानला जोडला जाईल आणि तिथून तुर्कस्तानला. मधली ती छोटी फट बुजेल. इराणला हे रुचलेलं नाही, आणि त्यामागे भूगोल आहे तशीच मघाशी सांगितलेली अझेरी लोकसंख्येची धास्तीही आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अझरबैजानातल्या गबालाला भरलेल्या तुर्किक संघटनेच्या शिखर परिषदेत अलियेव यांनी २०२६ साली सदस्य देशांच्या संयुक्त लष्करी सरावाचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे लगेच 'तुर्किक नाटो' असे मथळे आले. मला ते पटत नाहीत. खुद्द तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे. कझाकस्तान आणि किरगिझस्तान रशियाच्या गोटात. उझबेकिस्तानने कुठल्याही लष्करी गटात जायचं नाही असं कायद्यानेच ठरवलंय. यांच्यात सराव होतील, ड्रोन विकले जातील, अधिकारी अंकाराला शिकायला जातील. एकासाठी दुसरा लढायला निघेल, एवढं हे नातं घट्ट नाही.

किती घट्ट आहे याची परीक्षा तर नुकतीच झाली, सायप्रसवरून. उत्तर सायप्रसमध्ये १९८३ साली जाहीर झालेल्या तुर्की राज्याला जगात फक्त तुर्कस्तान मान्यता देतो. २०२२ मध्ये उझबेकिस्तानातल्या समरकंदला तुर्किक संघटनेने त्याला निरीक्षक करून घेतलं, अंकारात आनंदीआनंद झाला. ४ एप्रिल २०२५ ला त्याच समरकंदमध्ये युरोपीय संघाची मध्य आशियासोबत पहिली शिखर परिषद भरली. युरोपने १२ अब्ज युरोंच्या गुंतवणुकीची गोष्ट केली. निवेदनात सुरक्षा परिषदेच्या ५४१ आणि ५५० या ठरावांना दुजोरा होता, म्हणजे उत्तर सायप्रसचं राज्य बेकायदा ठरवणारे ठराव. कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान यांनी दक्षिणेकडच्या, जगमान्य सायप्रसकडे आपले राजदूत नेमले. तुर्कस्तानातल्या वर्तमानपत्रांत 'भावांनी पाठीत वार केला' असा सूर होता. पण त्यांच्या जागी बसून पाहा. एका बाजूला भावाची भावना, दुसऱ्या बाजूला रेल्वे, खनिजं, बाजारपेठ. शिवाय रशियाने युक्रेनचे तुकडे 'स्वतंत्र' ठरवलेले असताना, सीमा बदलून झालेल्या राज्याला मान्यता देणं कझाकस्तानला परवडण्यासारखं नाही. जे तत्त्व त्याने दोनेत्स्कला लावलं, तेच उत्तर सायप्रसला.

मग या संघटनेतून मिळतं काय? माझ्या मते मुख्य गोष्ट म्हणजे रस्ता.

चीनमधून युरोपला जाणारी बहुतेक रेल्वे रशियातून जाते. २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना तो मार्ग नकोसा झाला आणि 'मधला मार्ग' म्हणजे मिडल कॉरिडॉर चर्चेत आला. त्यावरून एका कंटेनरसोबत जाऊन पाहू. चीनच्या शिआनहून निघालेला डबा कझाकस्तानच्या खोर्गोसला पोहोचतो. चीनचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, सोव्हिएत काळातले १,५२० मिलिमीटरचे. म्हणून क्रेनने उचलून दुसऱ्या गाडीवर. आपल्या मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही भेटायच्या आणि हमालांच्या पाठीवरून माल या डब्यातून त्या डब्यात जायचा, तसंच काहीसं. मग कझाक माळरान ओलांडून कॅस्पियनच्या काठी अक्ताउ. तिथे जहाजाची वाट. वारा फार असला तर जहाज सुटत नाही, एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडा. पलीकडे बाकूजवळ अलातला उतरून पुन्हा रेल्वे, जॉर्जियात अखलकलाकीला पुन्हा रुंदी बदल, तिथून तुर्कस्तानचं कार्स. बाकू-तिबिलिसी-कार्स हा दुवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, आणि २०१९ मध्ये चीनहून निघालेली पहिली मालगाडी इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीखालच्या बोगद्यातून युरोपात गेली.

दोनदा रूळ बदल, एकदा समुद्र, वाटेत चार-पाच जकाती. म्हणूनच भाऊ-भाऊ असणं इथे उपयोगी पडतं: जकातीचा एकच कागद, एकच दर, ट्रकच्या परवान्यांची अडवाअडवी नाही. ही कामं कुणाच्या मथळ्यात येत नाहीत, पण संघटनेचं खरं पोट तिथे भरतं. २०२४ मध्ये या मार्गाने सुमारे ४५ लाख टन माल गेला, काही वर्षांपूर्वीच्या कितीतरी पट. पण प्रमाण समजावं म्हणून: आपलं न्हावा-शेवा बंदर वर्षाला ९ कोटी टनांहून जास्त माल हाताळतं. म्हणजे अख्ख्या मधल्या मार्गाचं वर्षाचं काम उरणला अडीच-तीन आठवड्यांत उरकतं. तेलाचंही तेच. कझाकस्तानने रशियाला वळसा म्हणून बाकूहून तुर्कस्तानच्या जेहानला जाणाऱ्या १,७६८ किलोमीटरच्या पाइपलाइनमध्ये तेल सोडायला सुरुवात केली. ते वर्षाला १५ लाख टनांच्या आसपास, तर त्याची एकूण निर्यात सहा-सात कोटी टनांच्या घरात. पर्याय आहे, पण अजून बारीक आहे. (याच पाइपलाइनमध्ये आणि बाकूच्या तेलक्षेत्रात आपल्या ओएनजीसी विदेशचा २०१३ पासून छोटा हिस्सा आहे.)

या देशांनी आणखी एक वर्तुळ काढलंय, आणि मला ते तुर्किक संघटनेपेक्षाही जास्त टिकाऊ वाटतं. २०१८ पासून मध्य आशियाचे पाचही राष्ट्राध्यक्ष आपापसात भेटतात, रशिया-चीन कुणीच नसताना. त्यात फारसी बोलणारा ताजिकिस्तानही असतो. पाणी, वीज, सीमा हे प्रश्न त्याला वगळून सुटणारे नाहीत. उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्यात वाटल्या गेलेल्या फर्गाना खोऱ्यात तर कुणाच्या शेताचा बांध कुठल्या देशात आहे हेच कळत नाही. २०२२ मध्ये किरगिझ-ताजिक सीमेवर शंभरावर माणसं मेली. मार्च २०२५ मध्ये त्याच दोघांनी सीमेचा करार केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताश्कंदला या पाचांनी अझरबैजानलाही आपल्यात घेतलं. शेजार आणि भाषा, दोन्ही वर्तुळं एकमेकांवर येतायत.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मुलं किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला एमबीबीएस करतायत; मे २०२४ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा इथल्या आयांनी रात्री फोनला चिकटून काढल्या. कझाकस्तान जगातलं ४० टक्क्यांच्या आसपास युरेनियम काढतो आणि भारताने त्याच्याकडून ते घेतलंय. पाकिस्तान वाटेत असल्याने आपल्याला तिथे जायचं तर इराणमधून, मुंबईहून बंदर अब्बास किंवा चाबहारमार्गे. त्यामुळे अंकारावरचा राग अस्तानावर आणि ताश्कंदवर काढणं म्हणजे आपणच आपलं दार लावून घेणं. ग्रुपवरच्या त्या नकाशाला मी एवढंच उत्तर लिहिलं होतं, ६ जूनच्या निवेदनाची बातमी जोडून.

पुढच्या काही वर्षांत मी स्वतः काय बघणार असं कुणी विचारलं तर मी परिषदा आणि सरावांपेक्षा कॅस्पियनच्या पाण्याकडे बोट दाखवेन. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हा समुद्र उतरतोय, आणि अलीकडे वेगाने. अक्ताउ बंदरात जहाजं पूर्ण भरता येत नाहीत, कारण तळाला लागायची भीती. गाळ उपसून खोली वाढवायचं काम काढावं लागलंय. उत्तरेकडचा उथळ किनारा तर कित्येक किलोमीटर आत सरकलाय. पाणी उतरण्याचं मोठं कारण वाढती उष्णता आणि बाष्पीभवन. पण कॅस्पियनला मिळणारं जवळजवळ ८० टक्के नदीचं पाणी एकट्या व्होल्गातून येतं, आणि व्होल्गावरची धरणं, कालवे, पाणी सोडायचं वेळापत्रक सगळं रशियाच्या हातात आहे. रशियाला वळसा घालायला निघालेला कंटेनर अक्ताउच्या धक्क्यावर ज्या पाण्यात तरंगायची वाट बघतोय, ते उतरत चाललेलं पाणी रशियातूनच येतं.